शंभरचं भिंग

परवा पुण्याहून भाचा आला तो कॅमेऱ्याची पिशवी घेऊनच. पिशवीत कॅननच्या दोन मॅक्रो लेन्स, एक ६० मिलिमीटरची आणि एक १०० ची. "मामा, आगाशिवाच्या डोंगरावर जाऊन फुलं टिपू," म्हणाला. पण मलकापुरात दोन दिवस पावसाची झड. शेवटी सौ.ची परवानगी काढून तुळशीची एक मंजिरी ओसरीवर आणली.

मी बी. ए. झालेला माणूस, आयुष्य मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेलं. तरी मास्तरकी सुटत नाही. कपाटातली लाकडी मोजपट्टी काढली.

मॅक्रो लेन्सचं वैशिष्ट्य असं की, वस्तू जेवढी तेवढीच तिची प्रतिमा आत सेन्सरवर उमटवता येते. भाच्याच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण सव्वादोन सेंटिमीटर रुंद. पट्टीचा तेवढा भाग फोटोच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत बसला, की एकास एक प्रमाण झालं. दोन्ही लेन्सनी ते जमवलं. मंजिरी दोन्हीत सारखीच मोठी! मग महागडी शंभरची कशाला? फरक अंतराचा. साठची लेन्स फुलापासून जेमतेम नऊ सेंटिमीटरवर न्यावी लागते, शंभरची पंधरावर. फुलपाखरू उडून जाणार की थांबणार, ते एवढ्यावरच ठरतं. कासच्या पठारावर सीतेची आसवं टिपताना लेन्सची सावली फुलावर पडत नाही, हा आणखी एक फायदा.

आता गंमत ऐका. शाळेच्या पुस्तकातला नियम असा : एकास एक प्रतिमेसाठी वस्तू भिंगापासून नाभीय अंतराच्या दुप्पट लांब हवी, आणि प्रतिमाही पलीकडे तेवढ्याच अंतरावर पडते. एकूण चौपट. म्हणजे शंभरच्या लेन्सला ४० सेंटिमीटर हवेत. कॅमेऱ्यावर सेन्सरची जागा दाखवणारी खूण असते, तिथून मोजलं तर भरले ३१. साठच्या लेन्सला हवेत २४, भरले २०. मला वाटलं माझंच चुकलं. पुन्हा मोजलं. तेच.

भाचा हसला. "मामा, लेन्सवरचा आकडा लांबचं बघतानाचा असतो. जवळ आलं की तो कमी होतो." पूर्वीच्या लेन्समध्ये सगळी भिंगं एकत्र पुढे सरकत आणि नळी लांब होई. या लेन्समध्ये नळी तेवढीच राहते, आतली काही भिंगंच सरकतात, आणि त्यात नाभीय अंतर घटतं. ढोबळमानाने शंभरची सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरवर येते, साठची पन्नासवर.

मी गप्प झालो. १९८४ साली विज्ञानाचे गुरुजी रजेवर होते, म्हणून आठवीचा तास मला घ्यावा लागला होता. भिंगाचं नाभीय अंतर ठरलेलं असतं, असं मी फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, डोळ्यातलं भिंग तर जागचं हलत नाही. मग फळाही दिसतो आणि वहीही दिसते, ते कसं?" मला उत्तर येत नव्हतं. "पुस्तकात आहे तेवढं लिही," म्हणून मी त्याला खाली बसवलं. पोरं हसली. त्यानंतर त्याने माझ्या तासाला कधी हात वर केल्याचं आठवत नाही.

उत्तर त्याच्या प्रश्नातच होतं. डोळ्यातला पडदा मागेपुढे होत नाही, म्हणून जवळचं बघताना भिंग स्वतःच फुगतं आणि आपलं नाभीय अंतर कमी करतं. वयानुसार ते ताठर होतं, मग चाळिशी लागते.

गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता माझ्या डोळ्यात खरोखरच ठरलेल्या नाभीय अंतराचं भिंग आहे, अगदी मी फळ्यावर लिहिलं होतं तसं. आगाशिव स्वच्छ दिसतो; पट्टीवरचे आकडे वाचायला मात्र चष्मा शोधावा लागतो.

तो मुलगा आता पंचावन्नच्या आसपास असेल. कुठे आहे, ठाऊक नाही. भेटला तर एवढंच सांगायचंय : बाळा, तुझा प्रश्न बरोबर होता. चूक माझी होती.