दुसरं टोक

सांगोल्याकडच्या आमच्या घरी वर्षातून एकदा घोंगडी धुवायचा दिवस येई. एरवी ती झटकायची, उन्हात टाकायची, इतकंच. आजी ती ओढ्यात बुडवून वर दगड ठेवी आणि दुसऱ्या कामाला लागे. तासाभरानं ओढायला गेलं की घोंगडी जागची हलत नसे. कोरडी असताना जी खांद्यावर टाकून मी गावभर पळायचो, तीच आता बसलेल्या म्हशीसारखी. ‘भिजत घोंगडं’ म्हणणाऱ्यानं ते एकदा तरी पाण्यातून ओढलेलं असणार. आणि एकट्यानं ते पिळता येत नाही. आजी हाक मारी, “धर रं दुसरं टोक.” ती एकीकडून पीळ देई, मी उलटा. मग कुठं पाणी सुटे.

लोकरीची एक गंमत आहे. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेऊनही ती हाताला कोरडीच लागते. माझ्या टेबलावरची ती फाईल तशीच होती. भिजायला लागली आहे, हे पहिल्या आठवड्यात कळलंच नाही.

फाईल साधी. एका बाईंचं कुटुंब निवृत्तिवेतन. नवऱ्याच्या सेवापुस्तकात त्यांचं एक नाव, आधार कार्डावर दुसरं. प्रतिज्ञापत्र आणा, एवढं कळवणारं एक पानी पत्र टंकायचं होतं. मी ते उद्यावर टाकलं.

आपल्या राज्यात दिरंगाईविरुद्ध चक्क कायदा आहे, 2005 सालचा. त्याचं नाव इतकं लांबलचक की सगळे त्याला ‘बदल्यांचा कायदा’ म्हणतात आणि नावातला उरलेला अर्धा, ‘विलंबास प्रतिबंध’वाला, सोयीनं विसरतात. त्याचं दहावं कलम सांगतं की कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहू नये. मला ते पाठ होतं. पाठ असणं हा माझा गुण. त्याचा त्या फायलीला काही उपयोग झाला नाही.

कुणी म्हणेल, आळशी माणूस. छे! त्या सात दिवसांत मी इतर अकरा फायली हातावेगळ्या केल्या. कपाटातल्या गठ्ठ्यांना नवी लेबलं लावली. शिक्क्याच्या पॅडमध्ये शाई घातली. आळशी माणूस निदान झोपतो तरी. चालढकल करणाऱ्याला घाम फुटेपर्यंत राबावं लागतं.

आठव्या दिवशी गंमत संपली. आता नुसतं पत्र लिहून भागणार नव्हतं, उशिराचं कारणही द्यावं लागणार होतं, आणि कारण नव्हतंच. पत्र वीस मिनिटांचंच राहिलं. जड होत गेली ती लाज. बाई दर सोमवारी येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसत. “आमचं काय झालं का, साहेब?” प्रतिज्ञापत्राचं तिथल्या तिथे तोंडी सांगता आलं असतं. पण मग त्या म्हणाल्या असत्या, हे आधी का नाही सांगितलं? म्हणून मी म्हणे, “प्रक्रियेत आहे.” या वाक्याला कर्ता नाही. कचेरीत ते इतकं लाडकं आहे ते त्यामुळेच.

चौथ्या सोमवारी साडेपाचला डाक घेऊन शिपाईमामा आले. डाक ठेवली, पण गेले नाहीत. “भाऊसाहेब, त्या बाई स्टँडापासनं उन्हात चालत येत्यात. कुठं अडलंय?”

मी काहीतरी पुटपुटलो. मामांनी समोरची खुर्ची ओढली. इतक्या वर्षांत ते माझ्यासमोर कधी बसले नव्हते. फाईल स्वतःकडे फिरवून त्यांनी सेवापुस्तकाचं पान काढलं. “ह्ये एक नाव, आन् ह्ये एक. मग?”

“प्रतिज्ञापत्र मागवायचं.”

“मग मागवा की. मी नावं वाचतो, तुम्ही टाका.”

आधी फक्त तारीख टाकली. मग मामा एकेक अक्षर वाचत गेले आणि माझी बोटं हलत गेली. शेवटी मी लिहिलं, ‘या कार्यालयाकडून विलंब झाला आहे.’ ते खोडलं. ‘माझ्याकडून विलंब झाला, त्याबद्दल दिलगीर आहे,’ असं केलं. घड्याळ पाहिलं. अठरा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ती शेवटची ओळ काट मारून काढली, “असं लिहीत नाहीत,” म्हणाले आणि सही केली.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी प्रिंट काढून टाचणी लावली, तेव्हा त्या फायलीखाली दबलेली आणखी एक दिसली. तिची दोरी मी महिनाभर सोडली नव्हती. मामांची शेवटची एस्टी सव्वासहाची. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते अजून खुर्चीतून उठले नव्हते.