रिकाम्या फडक्याची नोंद

जानेवारीतली सकाळ. दोडामार्ग तालुक्यातल्या एका काजूच्या बागेत मी पांढरं फडकं हातात धरून उभी होते. फ्लॅनेलचं, मीटरभर लांब, एका कडेला काठी शिवलेलं. ते पातेऱ्यावरून, म्हणजे गळलेल्या पानांच्या थरावरून, सावकाश ओढत न्यायचं, दहाएक पावलांनी उलटून बघायचं आणि चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने उचलून काचेच्या नळीत घालायच्या, एवढंच काम. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली मी, दोन दिवसांत हात बसेल असं धरून चालले होते.

पहिल्या तासात एकही गोचीड मिळाली नाही. सुरुवातीला दव होतं, आणि ओल्या फडक्याला काही चिकटत नाही हे मला ठाऊक नव्हतं. ऊन चढलं, फडकं वाळलं, तरी हाती काही नाही. मी मुकाट्याने पुढच्या जागेकडे निघाले, तर आमच्याबरोबरच्या कीटक समाहारक काकांनी थांबवलं. ‘‘आधी वहीत लिही. जागा, तारीख, किती वेळ ओढलंस. संख्या शून्य.’’

मला ते पटेना. मिळालंच नाही तर लिहायचं काय? काका म्हणाले, ‘‘रकाना कोरा ठेवलास तर वर्षभराने वाचणाऱ्याला काय कळणार? तिथे कोणी गेलंच नाही, की जाऊन मिळालं नाही?’’

आम्ही शोधत होतो ती गोचीड माकडतापाचा विषाणू वाहते. 1957 साली कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, पाठोपाठ माणसं तापाने पडली. आधी पीतज्वराची शंका आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी हा वेगळाच विषाणू असल्याचं शोधून काढलं. गोव्यातल्या सत्तरीत 2015 साली आणि दोडामार्गात 2016 साली रुग्ण सापडले; पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला बरीच माणसं आजारी पडली. अचानक चढणारा ताप, कपाळ फोडणारी डोकेदुखी, काहींना रक्तस्राव. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. रामबाण औषध नाही. म्हणून गोचीड कुठे आहे आणि केव्हा आहे, हे आधी कळणं इतकं मोलाचं.

दुसऱ्या दिवशी बागेत पातेरा गोळा करणाऱ्या एक काकी माझं ओढणं बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘गे चेडवा, हय काय गावाचा नाय तुका. ढोरां बसतत ना, थय बघ.’’ गुरांच्या विसाव्याची ती सावली जेमतेम शंभर पावलांवर होती. तिथे फडकं टाकलं, उलटलं आणि कापडावर खसखस सांडल्यासारखं दिसलं. मग ती खसखस चालायला लागली. भिंग लावलं. तपकिरी, चपटी अंगं, पुढचे दोन पाय हवेत उचललेले, कुणाचा तरी वास हुंगत असल्यासारखे. पाय मोजले, आठ. म्हणजे निंफ, मधली अवस्था. अळीला सहाच पाय असतात आणि ती रव्याच्या कणाएवढीच असते.

त्या आठ पायांत सगळं पंचांग आहे, हे मला हळूहळू उमगलं. पावसाळ्यात प्रौढ गोचिडी गुरांना चिकटतात. रक्ताने टम्म फुगलेल्या माद्या खाली पडून पाचोळ्यात अंडी घालतात. पाऊस ओसरल्यावर अळ्या निघतात, त्या उंदीर-घुशींना, माकडांना धरतात. नोव्हेंबरपासून निंफ वाढत जातात, आणि माणसाला चावतात ते मुख्यतः निंफच. पातेरा गोळा करण्याचे आणि काजू वेचण्याचे दिवसही नेमके तेच. हीच जागा मी जुलैत बघितली असती तर कदाचित ‘निंफ नाहीत’ असं लिहून निघून गेले असते. ते खरंही असतं. फक्त त्या महिन्यापुरतं.

तिसऱ्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. चांगल्या भरलेल्या एका नळीवर मी चिठ्ठी लावली नाही. संध्याकाळी लावू म्हटलं आणि संध्याकाळी ती कोणत्या जागेची ते आठवेना. प्रयोगशाळेत एका जागेच्या, एका जातीच्या गोचिडी एकत्र वाटून विषाणू शोधतात. या नळीत तो सापडला असता तर कोणत्या वाडीत धावायचं? काकांनी ती नळी बाजूला काढली, रागावले नाहीत. मला मात्र रात्री झोप लागली नाही. त्यानंतर मी जागा सोडण्याआधी चिठ्ठी लिहिते. बोटांना गोचिडी दूर ठेवणाऱ्या डेपा तेलाचा वास आणि पेन्सिल, हे आता जोडीनेच येतं.

महिनाभरात आमच्या नकाशावर ठिपके उमटले. भरलेले थोडे, शून्याचे पुष्कळ. त्या शून्यांमुळेच भरलेल्या ठिपक्यांना अर्थ आला. भरलेले ठिपके होते ते इथे: गुरांची विसाव्याची जागा, पाणवठ्याची वाट आणि माकड मेलेली जागा. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच खाली उतरतात. म्हणून त्या जागेभोवती पन्नास फुटांपर्यंत मॅलॅथिऑनची भुकटी मारतात. पण त्यासाठी माकड कुठे मेलं ते वेळेवर कळायला हवं.

तेव्हा बागेत, रानात जाणाऱ्यांना एवढीच विनंती. पातेऱ्यावर नुसतं बसू नका, हातापायांना डेपा तेल लावा, घरी येताच कपडे गरम पाण्यात टाका आणि अंग तपासून बघा. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा वनखात्याला कळवा. कळवताना नुसतं वाडीचं नाव पुरत नाही. कोणाच्या बागेत, कोणत्या झाडाखाली, तेही सांगा.