शोको आणि कचऱ्याचा डबा



घोडा बुजतो म्हणजे काय करतो, हे कोकणातून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. आमच्या लहानपणी अलिबागला भरती ओसरली की कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या जायच्या. गाडीच्या घोड्याच्या डोळ्यांना दोन्ही बाजूंनी चामड्याची झापडं असायची. मागचं फिरणारं चाक त्याला दिसू नये, बाजूच्या गडबडीकडे त्याचं लक्ष जाऊ नये, म्हणून. दिसलंच नाही तर भिणार कशाला, असा तो साधा हिशेब. पण मुलं जिच्या पाठीवर बसणार त्या घोडीला झापडं लावून कसं चालेल? तिला आजूबाजूचं बघू दिलंच पाहिजे. म्हणून मग तिची भीतीच काढावी लागते, आणि त्या कामाला वेळ लागतो. आमचे तीन महिने गेले.

आम्ही दोघं बेर शेवाजवळच्या एका मोशावात मुलाकडे राहतो. नात बारा वर्षांची, आम्हांला सबा-सावता म्हणते. तिची घोडी तपकिरी, म्हणून नाव शोको. शोको स्वभावाने गरीब. कोंबड्या तिच्या पायांतून फिरतात, शेजारचं कुत्रं भुंकून दमतं, तरी ही आपली चारा खात उभी. पण फाटकाबाहेर कचऱ्याचा चाकांचा डबा असतो ना, नगरपालिकेचा असतो तसला मोठा, त्याला मात्र ती बुजायची. वर्षभर रोज पाहिलेला डबा! चार दिवस त्याच्याजवळून सरळ जायची आणि पाचव्या दिवशी एकदम बाजूला उडी मारायची. अशाच एका उडीत नात खाली पडली आणि तिचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. आमची सून म्हणाली, "आई-बाबा, मला ही घोडी घरात नको." मुलगा काही बोलला नाही, पण गिऱ्हाईक बघायला लागला. नात दोन दिवस नीट जेवली नाही. शेवटी आम्ही मध्ये पडलो आणि उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंतची मुदत मागून घेतली.

सल्ले तर काय, मोशावात फुकट मिळतात. एकाने सांगितलं, चाबूक दाखवा. दुसऱ्याने सांगितलं, नाटकं करते, रोज बघते तरी भिते म्हणजे काय? हे "रोज बघते" आम्हांला काही पटलं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर आमच्या भागात एखाद्या मोटरसायकलने जोर धरला तरी माणसं जागच्या जागी थांबतात, कारण तो आवाज सुरुवातीला अगदी सायरनसारखा चढतो. मोटरसायकल आहे हे कळत असतं, तरी हातातला चहा हिंदकळतोच. मग शोकोला आम्ही कोणत्या तोंडाने नाटकी म्हणणार?

सगळ्यात आधी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. ज्या घोड्याला कमी दिसतं, किंवा ज्याची पाठ वा दात दुखतात, तो जास्त बुजतो. त्याला शिकवून काय उपयोग, त्याला औषध पाहिजे. बाईंनी डोळे, दात, पाठ, खोगीर सगळं तपासलं. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी घोड्याला जग कसं दिसतं ते समजावून सांगितलं, आणि आम्ही तिघंही थक्क झालो.

मुलांनो, घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ ३५० अंश दिसतं. दिसत नाही ते फक्त कपाळाच्या अगदी समोरचं, नाकाखालचं आणि शेपटीमागचं. निळा आणि पिवळा रंग त्याला ओळखता येतो, लाल आणि हिरव्यात त्याची गल्लत होते. उन्हातून सावलीत आला की डोळे सरावायला त्याला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि काही वेगळं दिसलं तर आधी पळायचं, विचार मागाहून, हा त्याच्या जातीचा हजारो वर्षांचा धडा. थांबून विचार करणारे घोडे लांडग्यांच्या पोटात गेले.

आता त्या डब्याचं बघा. कचऱ्याची गाडी आठवड्यातून दोनदा येते. गाडीवरची माणसं डबा रिकामा करून ठेवतील तसा ठेवतात. कधी चाकं रस्त्याकडे, कधी भिंतीकडे, कधी झाकण मागे लोंबतंय. आपण म्हणतो, तोच डबा. घोड्याला तो तोच वाटत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोच्या विद्यापीठात टेम्पल ग्रँडिन या प्रसिद्ध बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाच प्रयोग केला, तो २०२१ मध्ये छापून आला. मुलांच्या खेळण्याची एक मोठी रंगीत घसरगुंडी ठेवून तिच्याजवळून तरुण घोड्यांना पुन्हा पुन्हा नेलं. घोडे सरावले. मग तीच घसरगुंडी तिथेच ९० अंशांत फिरवून ठेवली, तर घोडे नवीन वस्तू पाहिल्यासारखे दचकले! आम्ही लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून पाहिल्या. शोकोच्या उड्या बहुतेक गाडी येऊन गेलेल्या दिवशीच्याच होत्या.

काही घोडेवाले सांगतात की घोड्याच्या एका डोळ्याने पाहिलेलं दुसऱ्या डोळ्याला कळतच नाही. ते खरं नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ते कळतं असं दिसून आलं. पण जाताना आणि येताना वस्तूची बाजू बदलते हे तर खरंच, म्हणून सराव दोन्ही बाजूंनी करावा लागतो.

पाठीवर बसायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं. मोरकी आणि लांब दोर. मुलांनो, दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही, आणि घोड्याच्या समोर किंवा मागे नाही, खांद्याशी उभं राहायचं. डब्याच्या दिशेने चालत गेलो. तीस पावलांवर शोकोचे कान ताठ झाले, मान वर, श्वास बंद. तिथेच थांबलो आणि तिथे एक दगड ठेवला. पुढे ओढली नाही. उभे राहिलो. चार-पाच मिनिटांनी तिने मान खाली घातली, जोरात फुरफुरली, तोंड हलवायला लागली. लगेच गाजराचा तुकडा दिला आणि डब्याकडे पाठ करून परत निघालो. हे परत फिरणं गाजराहून मोठं बक्षीस आहे. घाबरलं तरी आपल्याला ओढून नेत नाहीत, एवढं तिला कळलं की अर्धं काम झालं. दुसऱ्या दिवशी दगड सत्तावीस पावलांवर. एखादा दिवस मागेही न्यावा लागला. घाई केली की सगळं पाण्यात.

मग आमच्यापैकी ज्यांचे गुडघे बरे आहेत त्यांनी डबा ओढत पुढे चालायचं, आणि शोकोने लांबून मागे यायचं, असं सुरू केलं. जे आपल्यापासून दूर जातं त्याला घोडा भीत नाही, उलट बघायला मागे येतो. मोशावातले लोक विचारायचे, काय हो, नगरपालिकेत नोकरी लागली का? लागू दे विचारू. नवव्या दिवशी शोकोने स्वतःहून डब्याला नाक लावलं. त्यानंतर डबा फिरवून ठेवला, आडवा पाडला, झाकण उघडं ठेवलं, झाकण आपटलं. प्रत्येक वेळी पुन्हा लांबून सुरुवात.

एक भीती मात्र डब्यात नव्हती. प्लास्टर निघाल्यावर नातीने दोर हातात घेतला आणि शोको परत अडली. पोर डब्याजवळ आली की श्वास रोखून धरायची. स्वीडनमध्ये २००९ साली याचीही परीक्षा झालेली आहे. घोडा घेऊन जाणाऱ्या माणसांना सांगितलं की या खेपेला वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री कोणी उघडलीच नाही, पण माणसाच्या काळजाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही वाढले. आम्ही नातीला म्हटलं, चालताना मोठ्याने आकडे म्हण, मराठीत. बोलताना श्वास कोंडता येत नाही, आणि सावताला वाटलं तेवढीच पोरीला मराठी येईल. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास यांच्यात तिचा असा काही गोंधळ व्हायचा की ती हसायला लागायची, आणि हसता हसता दोघी डब्याच्या पुढे निघून गेलेल्या असायच्या.

सुट्टी संपायच्या आठ दिवस आधी सुनेने फाटकात उभं राहून पाहिलं. नात डोक्याला हेल्मेट घालून पाठीवर, डबा उलटा ठेवलेला, झाकण लोंबतंय. शोकोने एक कान तिकडे वळवला, पावलं जरा मंद केली आणि गेली. येताना दुसऱ्या बाजूनेही गेली. सून काही बोलली नाही. रात्री मुलाने गिऱ्हाइकाला फोन करून नाही सांगितलं.

शोको अजूनही बुजते. पलीकडच्या शेतावर अंथरलेलं पांढरं प्लास्टिक वाऱ्याने फडफडलं की तिचे चारही पाय थरथरतात. त्याचा दगड सध्या बावीस पावलांवर आहे, आणि नात पंच्याऐंशीपर्यंत पोहोचली आहे.