टोस्टर घेताना

आमच्या सोलापुरात 'टोस्ट' म्हटलं की बेकरीच्या बरणीतला, चहात बुडवून खायचा कडक तुकडा डोळ्यांसमोर येतो. तो बेकरीवाल्यानेच दोनदा भाजलेला असतो, एकदा अख्खा आणि एकदा काप करून. घरी ताज्या ब्रेडची स्लाइस शेकली तर तिला आम्ही शेकलेला ब्रेडच म्हणतो, आणि घरातली मोठी माणसं अजूनही ब्रेडला 'डबल रोटी' म्हणतात. त्यामुळे मी टोस्टर घ्यायचं काढलं तेव्हा घरातला पहिला प्रश्न होता, "टोस्ट तर बेकरीत मिळतो की!"

गोंधळ इथेच संपत नाही. दुकानात टोस्टर मागितला तर तीन वेगवेगळ्या वस्तू पुढे येतात. एक गॅसवर धरायचा, दोन लांब दांड्यांचा चिमटा. दुसरा विजेवरचा सँडविचचा, दोन तव्यांमध्ये ब्रेड दाबणारा. तिसरा वरून खाचा असलेला, ब्रेड खाली सोडला की भाजून वर फेकणारा. घरात बटाट्याच्या सँडविचचे चाहते असतील तर दुसराच घ्यावा, तिसऱ्याच्या नादी लागू नये. त्यात भरलेलं सँडविच घालता येत नाही. लोणी लावलेली स्लाइससुद्धा घालायची नाही, कारण वितळलेलं लोणी तापलेल्या तारेवर गळतं आणि धूर होतो, कधी जाळही होतो. मला तिसराच हवा होता आणि त्याला कारण होतं.

आमच्या घरातून सकाळी सात वाजेपर्यंत सगळे बाहेर पडतात. मागे राहतात माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना अम्मी म्हणतो. वय चौऱ्याहत्तर, साखरेचा आजार, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि गेल्या दोन वर्षांपासून हाताला कंप. गोळी घेतली की थोड्या वेळात खावंच लागतं. मी चपाती करून झाकून ठेवते, पण गार चपाती त्यांच्या घशाखाली उतरत नाही. मग त्या गॅस पेटवतात, तवा ठेवतात. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या ओढणीचं टोक बर्नरपाशी काळं झालेलं मला धुण्यात सापडलं. त्या काही बोलल्या नव्हत्या, मीही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून वर्गात पहिल्या तासाला फळ्यावर लिहिताना माझं अर्धं लक्ष घरच्या ओट्यावर असायचं.

गॅस बंद करून जाणं हा एक उपाय होता. सिलिंडरचा कॉक फिरवायचा आणि निघायचं. शेजारच्या काही घरांत तसं करतातही. मला ते पटलं नाही. ज्या बाईने पन्नास वर्षं त्या ओट्यावर राज्य केलं, तिच्या चुलीला कुलूप लावायचं आणि वर म्हणायचं की तुमच्या भल्यासाठी. त्यापेक्षा जाळ नसलेली आणि काम झाल्यावर आपोआप बंद होणारी एखादी वस्तू त्यांच्या हाताखाली द्यावी असं ठरवलं.

अम्मींचं उत्तर ठरलेलं होतं. "मेरेकू नक्को बेटा, तवा है ना."

(दखनीतला हा 'नक्को' मराठीतून तिकडे गेला. एवढा ठाम नकार शुद्ध उर्दूत होत नाही, हे मी मुलांना वर्गात सांगते तेव्हा ती खुश होतात.)

टोस्टर हे तसं बिनडोक यंत्र आहे, आणि तोच त्याचा गुण. आत अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची पट्टी गुंडाळलेली असते. ही मिश्रधातू म्हणजे निक्रोम. लाल होईपर्यंत तापली तरी ती लवकर जळून तुटत नाही. अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श यांनी 1906 साली तिचं पेटंट घेतलं, आणि त्यानंतरच विजेचे टोस्टर खऱ्या अर्थाने टिकू लागले. ब्रेड आपोआप वर उडवणाऱ्या टोस्टरचं पेटंट चार्ल्स स्ट्राइट यांना 1921 मध्ये मिळालं. गंमत म्हणजे यंत्राने कापलेला ब्रेड बाजारात आला तो 1928 मध्ये. म्हणजे टोस्टर आधी आणि स्लाइस नंतर.

दांडी खाली दाबली की एक विद्युतचुंबक तिला धरून ठेवतो. वेळ संपली की चुंबकाचा प्रवाह तुटतो आणि स्प्रिंग ब्रेड वर फेकते. आजकालचे बहुतेक टोस्टर असेच असतात. म्हणून प्लग न लावता दुकानात दांडी दाबली तर ती खाली थांबत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं की हा बिघडलेला आहे. तो बिघडलेला नसतो. माझ्या दृष्टीने तर हीच मोठी सोय होती. भाजता भाजता लाइट गेली तर ब्रेड आपला वर येतो, आणि लाइट परत आली तरी यंत्र स्वतःहून सुरू होत नाही. अम्मी विसरल्या तरी ते विसरत नाही. गॅसचं तसं नाही.

आकडे लावलेल्या बटणाबद्दलही सांगायला हवं. त्यावरचे 1 ते 6 किंवा 7 हे आकडे मिनिटं नव्हेत, बहुतेक ठिकाणी ते फक्त कमी-जास्त दाखवतात. एकाच आकड्यावर मिल्क ब्रेड लवकर काळा पडतो, कारण त्यात साखर आणि दूध असतं. भाजताना जो रंग आणि वास येतो तो साखर आणि प्रथिनांतले घटक उष्णतेने एकत्र येऊन होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मेयार यांनी 1912 मध्ये ही क्रिया मांडली. पण रंग सोनेरी झाला की थांबावं. पिष्टमय पदार्थ फार भाजले की त्यात ॲक्रिलामाइड नावाचं नको ते द्रव्य तयार होतं, हे स्वीडनच्या संशोधकांनी 2002 मध्ये पुढे आणलं. काळी कड चाकूने खरवडून खाण्याची आपली सवय मोडलेली बरी.

आता खरेदी. नवी पेठेत जाताना मी दोन गोष्टी सोबत घेतल्या: पिशवीत आमच्या बेकरीचा ब्रेड आणि सोबत खुद्द अम्मी. ब्रेड अशासाठी की कंपनीच्या पाकिटातली स्लाइस सगळीकडे सारखी असते, पण आमचा बेकरीवाला कापतो ती कधी बोटाएवढी तर कधी दीड बोट. बऱ्याच टोस्टरांच्या खाचा पाकिटातल्या स्लाइसच्या मापाच्या असतात. जाड स्लाइस त्यात अडकते, मग भाजूनही वर येत नाही, आणि माणूस चाकू घालून ती काढायला जातो. टोस्टरमधला सगळ्यात वाईट अपघात तोच. आतली पट्टी उघडी असते, तिच्यातून वीज वाहते, आणि चाकू लोखंडाचा. स्लाइस अडकली तर आधी प्लग काढायचा, यंत्र गार होऊ द्यायचं, मग ते उलटं करून हलवायचं. हे मी अम्मींना एकदा सांगितलं, त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवलं.

आणि अम्मी अशासाठी की दांडी त्यांना दाबायची होती, मला नाही.

दुकानदाराने आधी चकचकीत स्टीलचा काढला. बर्फातला ब्रेड सोडवायचं बटण, पुन्हा गरम करायचं बटण, निळा दिवा. दिसायला देखणा होता. अम्मींनी अंगठा ठेवला, दाबला, दांडी अर्ध्यावर गेली आणि परत आली. पुन्हा दाबली. हात थरथरत होता. दुकानदार म्हणाला, "आजी, जोर लावा जरा." मी त्याला म्हटलं, जोर असता तर आम्ही आलोच नसतो. शिवाय स्टीलचं अंग बाहेरून फार तापतं, आणि आधारासाठी हात टेकायची अम्मींची सवय. तो बाजूला ठेवला.

चौथा की पाचवा तुकडा त्यांना जमला. पांढरा, प्लॅस्टिकच्या अंगाचा, दिसायला अगदी साधा. दांडी रुंद, तळव्याने दाबता येईल अशी. खाचा आमच्या ब्रेडला पुरणाऱ्या. भाजून झाल्यावर दांडी आणखी थोडी वर उचलता येते, त्यामुळे पाव अर्धा कापून घातला तरी बोटं आत घालावी लागत नाहीत. मधेच थांबवायचं बटण मोठं आणि वेगळ्या रंगाचं. खाली चुऱ्याचा ट्रे सरकून बाहेर येतो. हा ट्रे लोक बघतच नाहीत, पण तो नसेल तर चुरा आत साठतो, जळतो आणि रात्री झुरळांची मेजवानी होते.

मी प्लग लावून दाखवायला सांगितलं. दुकानदार हसला, पण दाखवायला ठेवलेला टोस्टर त्याने लावला. आमच्या दोन स्लाइस घातल्या. बाहेर आल्यावर चारही बाजू पाहिल्या. एका खाचेची आतली बाजू किंचित फिकट होती, एवढं चालतं. एक बाजू पांढरी आणि दुसरी करपलेली असेल तर मात्र तो घेऊ नये. पेटीवर आयएसआयचं चिन्ह पाहिलं, वॉरंटीच्या कार्डावर तारीख आणि शिक्का घेतला. वायर आखूड होती, पण मला तेच बरं वाटलं. लांब वायर ओट्यावरून लोंबते आणि तिच्यात हात अडकतो.

विजेचा हिशोब फार नाही. आमचा 750 वॅटचा आहे. एका वेळेला तीन मिनिटं धरली तर एका युनिटमध्ये पंचवीस-सव्वीस वेळा ब्रेड भाजून होतो. साडेतीन अँपिअरच्या आतच काम होत असल्यामुळे साधं 6 अँपिअरचं सॉकेट पुरतं. दुकानदार मोठा ओव्हन गळ्यात मारत होता, "यात टोस्टही होतो मॅडम." होतो, पण दोन स्लाइससाठी अख्खी पेटी तापवत बसायचं.

खरा खर्च पुढे होता. टोस्टरला तीन पिनांचा प्लग होता, आणि आमचं घर जुन्या पेठेतलं. वायरमनला बोलावून ओट्यावरचा पॉइंट तपासला. त्याने टेस्ट लॅम्पचं एक टोक फेजमध्ये आणि दुसरं न्यूट्रलमध्ये घातलं, दिवा लागला. दुसरं टोक अर्थिंगच्या भोकात घातलं, दिवा लागेना. बोर्ड उघडला तर मागे वायरच नव्हती. तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं, बहुतेक घर बांधल्यापासून. यंत्र कितीही नावाजलेलं असो, आत काही तुटून त्याच्या धातूच्या भागात वीज उतरली तर तिने जायचं कुठून? ओल्या हाताने शिवणाऱ्या माणसातून. अर्थिंग नवीन केलं, आणि मुख्य बोर्डात 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवला. या सगळ्याला टोस्टरपेक्षा जास्त पैसे लागले. घरात थोडी कुरकुर झाली. पण हे न करता मोठ्या कंपनीचा टोस्टर आणून ओट्यावर ठेवण्यात काय दर्जा? माझं मत असं झालंय की टोस्टरची चौकशी दुकानात नव्हे, भिंतीतल्या त्या तिसऱ्या भोकापासून सुरू करावी.

नवीन टोस्टर पहिल्यांदा रिकामाच चालवतात, खिडकी उघडी ठेवून. तारांवरचा कारखान्यातला थर जळून जातो, थोडा वास येतो. अम्मींनी नाकाला ओढणी लावली आणि म्हणाल्या, "बोली थी ना, तवा अच्छा है."

मग मुलीने तिच्या नेलपॉलिशने 3 च्या आकड्यावर लाल ठिपका दिला, कारण कोरलेला आकडा अम्मींना दिसत नव्हता. पहिल्या आठवड्यात ब्रेड उडाला की त्या दचकायच्या. आता त्या दोन पावलं लांब उभ्या राहून वाट बघतात. ब्रेडवर शेंगाचटणी आणि वर किंचित लोणी, हा त्यांचा स्वतःचा शोध. डॉक्टरांनी लोणी कमी सांगितलंय. लोण्याचा हात आता थरथरत नाही, हे माझं निरीक्षण मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. कडक भाकरी यात गरम होईल का असंही एकदा विचारून झालं. नाही होणार, मोडून आत अडकेल. भाकरी आमटीत बुडवायचीच.

मग रमजान आला. साखरेमुळे अम्मी आता रोजे ठेवत नाहीत, फिदया देतात. मागच्या वर्षी सहरीला त्या उठायच्या आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसून राहायच्या. आम्ही त्यांना ओट्याजवळ येऊ देत नव्हतो. यंदा पहिल्याच सहरीला मी उठून स्वयंपाकघरात गेले तर त्या आधीच टोस्टरपाशी उभ्या होत्या, ब्रेडची पिशवी उघडून. आम्ही चौघं रोजेदार, एका वेळी दोन स्लाइस. पहिली जोडी निघाली, दुसरी निघाली. तिसरी घालायच्या आधी त्यांनी बटण ठिपक्याच्या थोडं मागे घेतलं. यंत्र तापलेलं असलं की त्याच आकड्यावर ब्रेड जास्त भाजला जातो, हे मी वाचलं होतं, त्यांना सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "अम्मी, कम क्यूँ किए?"

"तवे का बी वैसाच रहता," त्या म्हणाल्या. "तू चाय देख, उबल रही."