नर पाठवा, फक्त नर

दिवाळीत आमच्या पशुगृहाच्या दारावर आकाशकंदील लागतो. दाराच्या आत मात्र संध्याकाळी सातला काळोख. बारा तास उजेड, बारा तास अंधार, यात मी कुणाचं काही ऐकत नाही. सणासुदीला अंधाराचं कौतुक बरं दिसत नाही, पण गेली एकवीस वर्षं मी पांढऱ्या उंदरांची बाळंतपणं करतो आहे आणि अंधाराची किंमत मला एका पावसाळ्यात कळली.

‘उंदीर’ म्हटलं की आमच्या धंद्यात पहिला प्रश्न येतो, रॅट की माउस? मराठीनं दोघांना एकाच शब्दात कोंबून टाकलंय. मी बोलतोय ते रॅटबद्दल. वीतभर अंग, जवळपास तेवढीच शेपटी, लाल डोळे. मूळचा हा गटारातला, शास्त्रीय नाव रॅटस नॉर्वेजिकस. 1906 साली फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये त्याची पांढरी वसाहत सुरू झाली आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांतल्या निम्म्याहून अधिक रॅटचं मूळ तिथं जाऊन पोचतं. आमचेही विस्टारच. मी शिकलो गाईम्हशींवर, त्यामुळे माझी भाषा गोठ्यातलीच राहिली. मादी माजावर येते, गाभण राहते, व्याते, भाकड होते. पिंजरे धुणारे आमचे मामाही हेच शब्द वापरतात. नवे विद्यार्थी आधी हसतात आणि महिनाभरात स्वतःच ‘तिसऱ्या वेताची आहे सर’ असं सांगू लागतात.

तर तो पावसाळा. एका खोलीत गाभण माद्या कमी दिसू लागल्या. आधी मी खाद्यावर संशय घेतला, मग नरांवर. नर बदलून पाहिले, फरक नाही. शेवटी रोज सकाळी माद्यांचे योनिद्रावाचे नमुने काचपट्टीवर घेऊन बघायला लागलो. रॅटचा माज दर चार-पाच दिवसांनी येतो, म्हणजे काचेवरचं चित्र रोज बदलायला हवं. इथे रोज तेच, केंद्रक हरवलेल्या चपट्या पेशींचे ढीग. सगळ्या माद्या कायमच्या माजावर आणि बीजांड एकीचंही सुटत नाही. असं होतं ते अखंड उजेडात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण खोलीत तर टायमर होता. आम्ही आत जायचो तेव्हा दिवे चालू असायचे, आणि ते बरोबरच होतं, कारण आम्ही जायचो दिवसा!

त्या रात्री साडेदहाला जाऊन पाहिलं. कॉरिडॉरमध्ये अंधार आणि त्या एका दाराखाली उजेडाची पट्टी. कधीतरी वीज जाऊन आली असेल, तेव्हा टायमर ‘चालू’वर अडकला होता. किती आठवडे, हे कुणालाच सांगता येईना. माजाचं चक्र पुढे हळूहळू सुधारलं, डोळे नाही सुधारले. पांढऱ्या उंदराच्या डोळ्यात उजेड अडवणारा रंगच नसतो, अखंड उजेडात त्याचं दृष्टिपटल जळून जातं. ती सगळी खोली मला मोडावी लागली. तेव्हापासून आठवड्यातून एकदा रात्री कुणीतरी फेरी मारतं आणि नुसतं दाराखाली बघतं.

उजेडानंतर आवाज. रॅटला ऐकू येतं ते आपल्या कितीतरी वरच्या पट्टीतलं. घाबरला की तो 22 किलोहर्ट्झच्या आसपास ओरडतो, आपल्या कानाला त्यातलं काहीही पोचत नाही. शांत वाटणाऱ्या खोलीत ठिबकणारा नळ किंवा कुरकुरणारा चोक त्याला सतावत असू शकतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मला सगळ्यात काळजी असते ती दोन-तीन दिवसांपूर्वी व्यालेल्या माद्यांची. दचकलेली आई पिल्लं टाकते, कधी खाते. म्हणून त्या आठवड्यात वेत येऊच नये अशा बेतानं मी महिनाभर आधी जोड्या लावायचं थांबवतो. गाभणकाळ 21 ते 23 दिवसांचा, त्यामुळे हे गणित सोपं आहे. एरवीही व्याल्यावर पहिले तीन दिवस पिंजरा बदलायचा नाही, घरट्याला हात लावायचा नाही. कागदाच्या चार पट्ट्या आधीच टाकून ठेवल्या की ती आपलं घरटं आपण करते.

पिंजरे, तूस, बाटल्या यांबद्दल फार लिहीत नाही. भाताचं तूस किंवा मक्याच्या बुरकुंडाचा भुसा वाफेत निर्जंतुक करून वापरायचा, आणि अमोनियाचा वास माणसाच्या नाकाला आला तर समजायचं की आपल्याला उशीर झाला. 22 अंशांच्या आसपास तापमान, 40 ते 70 टक्के आर्द्रता. हवा फार कोरडी पडली की पिल्लांच्या शेपट्यांवर वळ्यांसारखे काच पडतात, कधी शेपूट झडते.

गोत्र मात्र आम्ही कडक पाळतो. सख्ख्या भावाबहिणींची जोडी सलग वीस पिढ्या लावली की ‘अंतःप्रजनित’ वाण तयार होतो, सगळे जवळजवळ एकमेकांच्या छापाचे. आम्हाला ते नको, आम्हाला विविधता टिकवायची असते. म्हणून वसाहतीचे पाच गट केले आहेत. पहिल्या गटातले नर दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात, असे दर पिढीला पुढे सरकतात. मामांनी या गटांना नावं ठेवली आहेत, काश्यप, भारद्वाज, वसिष्ठ वगैरे. पंचवीस नर आणि पंचवीस माद्या एवढं प्रजननक्षम कुटुंब असलं, तर अंतःप्रजनन दर पिढीला एका टक्क्यानं वाढतं. त्याहून लहान वसाहत मी ठेवत नाही.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येतो. मागणीपत्र येतं ते असं: ‘आठ आठवड्यांचे 30 नर, पुढच्या सोमवारी.’ पुढच्या सोमवारचा नर मला बारा आठवड्यांपूर्वी ठरवावा लागतो. जोडी लागायला एक आठवडा, गाभणकाळ तीन, वाढ आठ. एका वेतात साधारण दहा पिल्लं, दूध तोडेपर्यंत हाती आठ धरा, त्यात चार नर. म्हणजे आठवड्याला तीस नरांसाठी आठ वेतं. आणि त्याच आठ वेतांत तीसेक माद्याही जन्मतात, ज्या कुणीच मागितलेल्या नसतात. वर्षाला दीड हजार. पुढच्या प्रजननाला त्यातल्या फार थोड्या लागतात. उरलेल्यांचं काय होतं, हे दिवाळी अंकात लिहावं का असा प्रश्न मला पडला होता. पेटीत कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडतात. तो कॉक मी स्वतः फिरवतो, मामांना सांगत नाही.

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘माद्यांच्या माजामुळे निष्कर्ष हलतात.’ ऐकायला शास्त्रीय वाटतं. 2016 मध्ये मेंदूविज्ञानातल्या जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून तपासले गेले, तेव्हा मादी रॅटमधली चढउतार नरांहून जास्त निघाली नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं अनुदान मागणाऱ्यांना दोन्ही लिंगांचा विचार करायला लावलं. आणि ज्या औषधांचे प्रयोग होतात, ती पुढे बायकाही घेणारच असतात ना? आपल्याकडे दवाखान्यात पाटी असते, ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.’ आमच्याकडे पिल्लू जन्मल्या दिवशीच शेपटीखालचं अंतर बघून नर-मादी ठरते, आणि पुढचं नशीबही.

आमची नोंद, समिती, परवाने सगळं 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आणि 1998 चे नियम यांनुसार चालतं. प्रत्येक प्रयोगाला नैतिकता समितीची मंजुरी लागते. पण वसाहतीत जास्तीच्या जन्मलेल्या मादीवर कुठला प्रयोगच झालेला नसतो, त्यामुळे समितीच्या चर्चेत ती क्वचितच येते. माझ्या मते चांगली वसाहत म्हणजे भरभरून व्याणारी नव्हे. रजिस्टरमध्ये ‘शिल्लक’ हा रकाना जिथे रिकामा राहतो, ती. आमचा एकदाही राहिलेला नाही.

हे लिहितो आहे त्या शुक्रवारी खोली क्रमांक तीनमध्ये आठ आठवड्यांच्या 34 माद्या आहेत, निरोगी, एका वजनाच्या. तुमच्या घरात कुणी संशोधन करत असेल, तर मागणीपत्रात ‘नर’ लिहिण्याआधी आपल्या पशुगृहाला एक फोन कर म्हणावं.