मॅडम, झोपला हुता का?

रात्री अडीच-तीनला येणाऱ्या फोनचं पहिलं वाक्य गेली एकतीस वर्षं तेच आहे. ‘मॅडम, झोपला हुता का?’ पूर्वी राग यायचा. आता मी ‘नाही, बोला’ म्हणते आणि मागे घरात कोण काय बोलतंय तेही ऐकते.

आमचं गाव तालुक्याचं. खाली दवाखाना, वर घर. मोबाइल नव्हते तेव्हा बहुतेक लोक शटर वाजवायचे आणि बैलगाडीत नाहीतर जीपमध्ये पेशंट असायचाच. बॅटरीच्या उजेडात का होईना, मी त्याला बघायचे. फोनवर मला दिसत काही नाही. घरातल्याच कुणाचे तरी डोळे उसने घ्यावे लागतात आणि त्यांना काय बघायचं ते सांगावं लागतं. हे मी पुस्तकात शिकले नाही.

प्रॅक्टिसच्या सातव्या वर्षातली गोष्ट. रात्री साडेबाराला एका मुलाचा फोन. ‘बाबांना पित्त झालंय, छातीत जळजळतंय. लग्नात जेवण जरा तिखट होतं.’ वय अठ्ठावन्न, जुना मधुमेह. मी पित्ताची गोळी सांगितली आणि म्हटलं, सकाळी घेऊन या. सकाळी मलाच जावं लागलं, मृत्यूचा दाखला लिहायला. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, खुंटीवरचा सदरा दाखवला. रात्री तो पिळून वाळत घातला होता, इतका घाम. मुलाने ते सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला बेंबीपासून जबड्यापर्यंत कुठेही नव्याने दुखायला किंवा आवळल्यासारखं वाटायला लागलं, आणि जोडीला घाम, धाप किंवा मळमळ असली, तर ईसीजी निघेपर्यंत त्याला पित्त म्हणायचं नाही. मधुमेह्यांची आणि बायकांची तर छाती दुखेलच असं नाही. ‘जीव घाबरा होतोय’, ‘गळून गेल्यासारखं वाटतंय’, एवढंच सांगतात. अशा वेळी सोडा, ओवा आणि पाठीला बाम यात तास जातो. रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते आणि तिच्या पलीकडचा हृदयाचा स्नायू तेवढ्या वेळात मरत असतो. पेशंटला जिना चालत उतरवू नका, खुर्चीत बसवून उतरवा. शेजारच्या काकांची सॉर्बिट्रेट त्याच्या जिभेखाली ठेवू नका. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर तो आणखी कोसळतो.

लहान मुलांचे फोन वेगळे. आई तापाचा आकडा सांगते, मला दुसराच आकडा हवा असतो. झबलं वर करा, घड्याळ लावा, बाळ रडत नसताना पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आत साठ, वर्षाच्या आत पन्नास, पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस; तेवढे किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर मोजत बसायचीही गरज नाही, निघायचं. आमच्याकडच्या आज्या याला ‘पोट उडतंय’ म्हणतात आणि त्यांचं निदान सहसा चुकत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या साध्या माणसांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं आणि बालमृत्यू घटले. ते काम १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. तरी पदवीधर आया मला म्हणतात, मॅडम, मोजायला भीती वाटते. एकशे तीन ताप असून खेळणारं मूल मला तितकं घाबरवत नाही, जितकं शंभर ताप असताना मान टाकून पडलेलं आणि दूध न ओढणारं मूल घाबरवतं.

सगळ्यात साधा वाटलेला फोन दोन पावसाळ्यांपूर्वीचा. पहाटेचे चार, वस्तीवरून. ‘पोरीच्या पोटात दुखतंय, एक उलटी झाली. गोळी सांगा.’ पोर बारा वर्षांची. जुलाब नाहीत, ताप नाही, रात्री भाकरी-आमटीच खाल्लेली. मी विचारलं, झोपली कुठं होती?

‘खालीच. आमी समदीच खाली झोपतो.’

डोळे नीट उघडते का?

‘न्हाई. झापडच जाईना तिची.’

मी अंथरुणात उठून बसले. मण्यार. हा साप रात्री फिरतो, अंथरुणात शिरतो. दात इतके बारीक, की दंश दिसत नाही. सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या उतरतात, मग आवंढा गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. पाणीसुद्धा पाजू नका म्हटलं, ग्रामीण रुग्णालयात फोन लावून प्रतिविष काढून ठेवायला सांगितलं. तिथून तिला जिल्ह्याला नेलं. चार दिवस व्हेंटिलेटरवर होती. यंदा नववीत आहे. तिच्या बापाने माझी गोळी न मागता देवऋषी गाठला असता तर, हा विचार मी करत नाही.

अर्धांगाबद्दल एवढंच: तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं बोबडं झालं, तर माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झोपून उठल्यावर कदाचित बरं वाटेल म्हणून थांबणाऱ्यांचे ते तास झोपेतच संपतात.

आणि मी फोन उचलेनच याचा भरवसा धरू नका. मीही कधी पुण्याला लेकीकडे असते. हाक मारून माणूस उठत नाही, धाप लागून एक वाक्य पुरं बोलता येत नाही, झटका पाच मिनिटांतही थांबत नाही, बाळंतिणीचं अंगावरून जाणं थांबत नाही, यातलं काहीही असलं तर मला विचारू नका. थेट १०८. महाराष्ट्रात ही गाडी २०१४ पासून आहे, पैसे पडत नाहीत. गावाचं नाव सांगून थांबू नका; जवळची शाळा, देऊळ, डेअरी, जी खूण असेल ती सांगा. आणि घरातल्या एकाला बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करा. रात्रीच्या अंधारात वस्तीकडे वळणारा रस्ता ड्रायव्हरला सापडत नाही.