मॅन बेटावरील शर्यत : एका प्रवासाचा बेत

इंग्लंड व आयर्लंड यांच्या मधील समुद्रांत मॅन नांवाचें एक लहानसें बेट आहे. तें इंग्लंडच्या राजाच्या अधीन खरें, परंतु ब्रिटनच्या राज्याचा भाग नव्हे. त्याची टिनवाल्ड नांवाची स्वतंत्र विधिसभा आहे, आणि ज्या शर्यतीची हकीकत आम्ही सांगणार आहों तिचा उगम या भेदांतच सांपडतो. १९०३ सालीं ब्रिटनच्या पार्लमेंटनें मोटारींस ताशीं २० मैलांची मर्यादा घातली. शर्यतीसाठीं सार्वजनिक रस्ते बंद करणें तर तेथें अशक्यच होतें. टिनवाल्डनें १९०४ सालीं कायदा करून मोटारींच्या परीक्षेसाठीं रस्ते बंद करण्याची मुभा दिली. पुढें २८ मे १९०७ रोजीं मोटारसायकलींची पहिली ‘टूरिस्ट ट्रॉफी’ येथेंच झाली. तींत एका वर्गांत चार्ली कॉलिअर ताशीं सुमारें ३८ मैलांच्या वेगानें जिंकला, तर दुसऱ्यांत रेम फाउलर हा नॉर्टन गाडीवरून. हीच नॉर्टन कंपनी २०२० सालीं आपल्याकडील टी.व्ही.एस्. कंपनीनें विकत घेतली, हें वाचून आम्हांस उगाच आपलेपणा वाटला.

नांव प्रवाशांच्या करंडकाचें असलें तरी हा प्रवास साधा नव्हे. १९११ पासून वापरांत आलेला डोंगरी मार्ग ३७.७३ मैलांचा आहे. डग्लस शहरांतून निघून खेड्यापाड्यांतून रॅम्सी गांवास जावयाचें, आणि स्नेफेल डोंगराच्या अंगानें परत डग्लसला यावयाचें, ही एक प्रदक्षिणा. शर्यतीसाठीं मुद्दाम बांधलेला हा मार्ग नव्हे. एरव्हीं त्याच रस्त्यानें लोक बाजारास जातात. दोहों बाजूंस दगडी कुंपणें, घरांच्या भिंती, दिव्यांचे खांब. स्वार दहा दहा सेकंदांच्या अंतरानें सुटतात, म्हणून खरी स्पर्धा घड्याळाशीं असते. २०२३ सालीं पीटर हिकमन यानें ही प्रदक्षिणा ताशीं सरासरी १३६ मैलांहून अधिक वेगानें, म्हणजे साडेसोळा मिनिटांहून किंचित् अधिक वेळांत, पुरी केली.

आमचा पुतण्या मँचेस्टरला असतो. “काका, काकूंना घेऊन या, मी सगळें दाखवितों,” असा त्याचा आग्रह आहे. शर्यती मेच्या अखेरीपासून जूनच्या आरंभापर्यंत चालतात. हेशमच्या बंदरांतून जहाज चार तासांच्या आंत डग्लसला पोंचतें. परंतु त्या पंधरवड्यांत जहाजांतील जागा व बेटावरील खोल्या यांचा बंदोबस्त फार आधीं करावा लागतो. गांवकरीहि आपल्या घरांतील खोल्या पाहुण्यांस देतात. पुतण्यानें तंबूची गोष्ट काढली होती. ती आम्हीं ऐकली नाहीं असें दाखविलें. पोहे व मेतकूट बरोबर राहीलच. डोंगरावर धुकें उतरलें कीं जखमींस नेणारें हेलिकॉप्टर उडूं शकत नाहीं व शर्यत थांबते, म्हणून एकदोन दिवस हाताशीं राखून जावें. शिवाय रस्ता एकदां बंद झाला कीं तो ओलांडतां येत नाहीं. कोणत्या बाजूस बसावयाचें तें सकाळींच ठरवावें लागतें. लॅक्सीहून विजेची ट्राम ‘बंगलो’ नांवाच्या ठिकाणापर्यंत चढते. आपला बंगला इतक्या दूर जाऊन बसला आहे!

हेलिकॉप्टरचें नांव निघालें तेथेंच आमच्या बेताची गाडी अडली. १९११ सालीं व्हिक्टर सरिज सरावांत मृत्यु पावला. तेव्हांपासून या मार्गावर अडीचशेंहून अधिक स्वारांनीं प्राण गमावले आहेत. २०२२ सालच्या अपघातांत सहा जण गेले. त्यांत एक पिता व त्याचा पुत्र एकाच साइडकारवर होते. हें वाचून दाखवितांच कुटुंबानें विचारलें, “आणि हें पाहायला पैसे खर्चून जायचें?”

आम्हीं शिक्षकी पेशास अनुसरून उत्तर दिलें. १९७६ नंतर या शर्यतीस जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेंत स्थान राहिलें नाहीं. त्यापूर्वींच अगोस्तिनीसारख्या विजेत्यानें येथें येणें सोडलें होतें. अजिंक्यपदाच्या गुणांसाठीं आतां कोणास यावें लागत नाहीं, जो येतो तो स्वखुषीनें येतो. साहित्यशास्त्रांत वीर, अद्भुत व भयानक हे रस निरनिराळे सांगितले आहेत, येथें ते तिन्ही एकाच क्षणीं प्रेक्षकाच्या मनांत उभे राहत असतील, आणि तें पाहण्याचें कुतूहल आम्हांस आहे, असेंहि सांगितलें.

“करुण विसरलांत,” ती म्हणाली. “त्या मुलाची आई घरीं असेल ना?”

यावर चाळीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या माणसास कांहीं सुचलें नाहीं. दोन दिवस विषय निघाला नाहीं. तिसऱ्या दिवशीं तिनेंच लॅक्सीच्या जलचक्राची चौकशी केली. खाणींतील पाणी उपसण्यासाठीं १८५४ सालीं उभारलेलें हें चक्र साडेबहात्तर फूट व्यासाचें आहे, हें आम्हीं मोठ्या उत्साहानें सांगितलें.

तूर्त ठरलें आहे तें असें. पुतण्यास जहाजाचीं तीन तिकिटें काढण्यास कळविलें आहे. शर्यतीच्या दिवशीं ती लॅक्सीस राहून चक्र पाहील, आणि आम्ही पुतण्यासह ट्राममधून वर जाऊं. परतीच्या ट्रामचें वेळापत्रक तिनें आपल्याजवळ ठेवण्याचें कबूल करून घेतलें आहे.